कुडाळातून डाव्या हाताचं एअर पिस्तूल

डावखुऱ्या माणसाने दहा मीटर एअर पिस्तूल शिकायचं ठरवलं की पहिला सल्ला हमखास मिळतो : "उजव्या हातानेच सुरू करा, पुढे सोपं जाईल." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. क्लबची पिस्तुलं उजव्या मुठीची असतात, कोच उजव्या हाताने शिकलेले असतात, दुकानात उजवी मूठ लगेच मिळते. तरी हा सल्ला मी मानला नाही आणि कोणी मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एअर पिस्तूल नियमानेच एका हाताने धरायचं असतं. साधारण किलोभर वजन हात लांब करून स्थिर ठेवायचं आणि त्याच हाताच्या एका बोटाने अर्ध्या किलोचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा, असं हे काम आहे. लहानपणापासून ज्या हाताने पेन धरलं, सुई ओवली, त्याच हाताला ते द्यावं. हंगेरीचे कारॉय ताकाच उजव्या हाताचे नेमबाज होते. १९३८ साली हातबॉम्बने उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. डाव्या हाताने शिखर गाठता येतं याबद्दल यापेक्षा मोठा दाखला नको. प्रश्न फक्त साधनांचा आणि व्यवस्थेचा असतो. कोकणात राहून तो सोडवायला वेळ लागतो. तो कुठे लागतो आणि कुठे वाचवता येतो, हे सांगायला हे लिहितोय.

हाताआधी डोळा तपासा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये लहानशी त्रिकोणी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा माडाचा शेंडा बघा. मग एक डोळा मिटा. शेंडा फटीतच राहिला तर उघडा असलेला डोळा प्रधान. स्वतः करताना हात नकळत एका बाजूला झुकतात, म्हणून समोर कोणाला तरी उभं करा आणि फटीतून तुमचा कुठला डोळा दिसतो ते त्याला सांगायला लावा. वेगवेगळ्या वेळी करून बघा. डावा हात आणि डावा डोळा जुळले तर पुढचं बरंच सोपं. डावा हात आणि उजवा डोळा असेल तरी पिस्तुलात अडत नाही. रायफलीत गाल दस्त्याला टेकलेला असतो म्हणून तिथे ही जोडी त्रास देते. पिस्तूल डोळ्यापासून हातभर दूर असतं, मान किंचित वळवून उजव्या डोळ्यासमोर साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खाच आणि खुंटी) आणता येते. त्यासाठी मूठ काही अंश फिरवता येणारं पिस्तूल बघावं, नाहीतर मनगट वाकवायला लागतं आणि वाकलेलं मनगट स्पर्धेतले साठ शॉट टिकत नाही. न वापरायच्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी नियमात बसते. डोळा मिटून नेम धरू नका. मिटलेल्या डोळ्याचा ताण दुसऱ्या डोळ्यावरही येतो.

शिमगा झाल्यावर, मार्चमध्ये, क्लबात नाव घातलं. कागद साधे होते : आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. वेळ खाल्ला तो या शेवटच्या कागदाने. अर्ज ऑनलाइन होतो, पण पडताळणी आपल्या पोलीस ठाण्यातून होते आणि तिथून फोन येईपर्यंत थांबावंच लागतं. आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल, गावात घर आणि कुडाळात भाड्याची खोली असेल, तर भाडेकरार आधीच जोडा. आपल्याकडे बऱ्याच लोकांचा अर्ज इथेच अडकतो. क्लबची फी महिन्याला हजार-दीड हजारांच्या घरात असते, त्यात पिस्तूल आणि त्याच्या सिलिंडरात भरायची दाबाची हवा धरलेली असते, छर्रे बहुधा आपले.

क्लबचं उजव्या मुठीचं पिस्तूल डाव्या हातात घेतलं की काय होतं ते नीट समजून घ्यावं, कारण कित्येक डावखुरे याच टप्प्यावर खेळ सोडतात. मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, मूठ हाताच्या आकाराची कोरलेली असते. अंगठ्याची टेकण डाव्या हातात बोटांच्या सांध्यांवर येते. तळहाताची कड ज्यावर टेकायची तो खालचा टेकू बोटांच्या टोकांखाली जातो. हात मुठीला दोन-तीन ठिकाणीच लागतो आणि मधे पोकळी राहते. मग पिस्तूल घसरू नये म्हणून आपण घट्ट आवळतो, आवळलं की साइट थरथरते आणि ट्रिगरचं बोट लाकडाला घासून नळी बाजूला ढकलतं. टार्गेटच्या कार्डावर छर्रे पसरलेले दिसतात आणि आपल्याला वाटतं, आपला हातच स्थिर नाही. त्या काळात कार्डावरचे गुण मोजूच नयेत. क्लबकडे दोन्ही हातांना चालेल अशी साधी मूठ असेल तर ती मागून घ्या, नाहीतर खालचा टेकू स्क्रू काढून उतरवा. मी ते आठवडे उभं राहणं, हात उचलणं आणि श्वास यावरच घालवले, आणि त्याचा पुढे खूप उपयोग झाला. घरी पडवीत चुना काढलेल्या भिंतीसमोर, लिटरभर पाण्याची बाटली डाव्या हातात धरून खांद्याच्या उंचीला पंधरा-वीस सेकंद रोखायची, मग खाली. खांदा दुखला की थांबायचं.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या छिद्राच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत असतं. तरी दुकानदार ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा घेतो आणि वहीत नोंद करतो. पक्कं बिल घ्या, त्यावर पिस्तुलाचा क्रमांक छापलेला असलाच पाहिजे. त्या बिलाची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीत, एक घरी. प्रवासात कोणी विचारलं तर हे बिल आणि क्लबचं पत्र एवढं पुरतं. परदेशातून स्वतः मागवायचं असेल तर आयातीवर निर्बंध आहेत, एनआरएआयच्या (नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया) शिफारशीवाचून काम पुढे सरकत नाही, त्यामुळे पहिलं पिस्तूल देशातल्या दुकानदाराकडूनच घेणं शहाणपणाचं.

निवड करायला कोकण रेल्वेने मुंबई गाठावी लागली. हातात धरून बघितल्याशिवाय पिस्तूल घेऊ नका, हे उजव्यांना सांगतात. डावखुऱ्यांना तर ते दुप्पट लागू. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्याला बालेवाडी आहे. अशा मोठ्या रेंजवर डावखुरे नेमबाज भेटतात, आणि त्यांची मूठ एकदा हातात आली की दुकानात तासभर उभं राहून कळत नाही ते कळतं. आधी फोन करून, कोचची परवानगी घेऊन जा. दुसऱ्याची मूठ त्याच्या हाताला घासलेली असते, ती आपल्याला तंतोतंत बसणार नाही. तिच्यावरून फक्त आपलं माप लहान की मध्यम एवढं ठरवा.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी हे सगळे डाव्या मुठी बनवतात. नवं पिस्तूल दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान जातं, डॉलर-युरो वर गेला की आकडाही वर. माझा अनुभव असा की या किमतीत कुठल्याही कंपनीची नळी आपल्यापेक्षा अचूकच असते, त्यामुळे कंपनीवर वाद घालण्यात वेळ घालवू नये. डावखुऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात. डावी मूठ पिस्तुलाबरोबरच मिळेल की वेगळी मागवावी लागेल? वेगळी असेल तर पंधरा-वीस हजार रुपये आणि काही महिने धरा. भरण्याचा लिव्हर कुठल्या बाजूला उघडतो? वरून मधोमध उचलायचा लिव्हर दोन्ही हातांना सारखाच. बाजूचा असेल तर तो उजवीकडे बदलून लावता येतो का ते त्याच मॉडेलबद्दल लिहून घ्या, "हो हो, होतं" यावर विसंबू नका. मूठ तिरकी फिरवायची सोय आहे का? आणि ट्रिगरची पाती डावी-उजवीकडे सरकवता, वळवता येते का? ही शेवटची बाब कोणी विचारत नाही. कारखान्यातून पाती उजव्या बोटाच्या कलाने वळवलेली आली तर डाव्या बोटाचा दाब सरळ मागे न जाता तिरका जातो आणि छर्रे एका बाजूला जमतात.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की यांत्रिक, हा प्रश्न किनाऱ्यावर वेगळ्या नजरेने बघावा. मोरिनीच्या सीएम १६२ च्या इलेक्ट्रॉनिक प्रकारात ट्रिगर अतिशय स्वच्छ तुटतो, आणि कोरड्या गावात मी तोच घेतला असता. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणी आणि वर्षभर मीठ असतं. संपर्काचे बिंदू, बॅटरीची टोकं यांना ते सोसत नाही, आणि दुरुस्तीला पिस्तूल मुंबईला किंवा त्याहून लांब पाठवावं लागतं. म्हणून यांत्रिक घेतलं. त्याचे स्क्रू आपण स्वतः साफ करू शकतो.

जुनं पिस्तूल स्वस्त मिळतं आणि चांगलं मिळालं तर जरूर घ्यावं, पण हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. बनवल्यापासून दहा वर्षांनंतर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि दोन नवे सिलिंडर घ्यायचे झाले की स्वस्ताई तिथेच संपते.

मे महिन्यात पिस्तूल घेतलं. डावी मूठ बाहेरून यायची होती. मागवताना ए-फोर कागदावर डावा तळहात, बोटं जवळ घेऊन ठेवून, पेन्सिल उभी धरून रेघ काढली, मापपट्टी शेजारी ठेवून फोटो काढला आणि तो दुकानदाराला पाठवला. दोन मापांच्या मधे असाल तर मोठं माप घ्या की लहान यावर मतभेद आहेत. मी मोठ्या बाजूचा, कारण मोकळी जागा भरता येते, पण लहान मुठीत बोटांना जागा करायला लाकडाची भिंत पातळ होते. ऑर्डर देताना "लेफ्ट" हा शब्द पावतीवर लिहून घ्या. दुकानातला माणूस सवयीने उजवी मागवतो आणि ती बदलून यायला पुन्हा तेवढेच महिने.

मूठ आली ती ऐन ऑगस्टमध्ये. लगेच घासायला बसावंसं वाटतं, पण सावंतवाडीचे सुतारकाका, ज्यांना दाखवायला नेली, त्यांनी हातात घेऊन एकच सांगितलं, "ह्या लाकूड आता फुगलेला आसा. दिवाळी जावंदे, मगे घासूया." अक्रोडाचं लाकूड पावसाळी हवेत ओल पितं. तेव्हा मापात घासलं तर नोव्हेंबरच्या कोरड्या वाऱ्यात आकसून सैल होतं. तोवर मूठ जशी होती तशी लावून सराव केला, आणि हात कुठे दुखतो, कुठे मोकळा राहतो याच्या नोंदी ठेवल्या. ते थांबणं कंटाळवाणं असतं, पण त्या नोंदींमुळेच नंतर कुठे हात घालायचा ते नेमकं ठाऊक होतं.

मूठ बसवणं हे या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पिस्तूल रिकामं, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी दोरी), सिलिंडर उतरवलेला. तळहाताला खडूची पूड चोळा. पिस्तूल उजव्या हाताने नळीकडून धरून डावा हात मुठीत वरपर्यंत सरकवा, अंगठा आणि तर्जनीमधली खाच जाईल तेवढी वर गेली पाहिजे. नेम धरल्यासारखा हात लांब करा, दहा श्वास थांबा, हात सरळ काढा. लाकडावर जिथे पांढरं दाट दिसतं तिथे दाब जास्त, जिथे अजिबात नाही तिथे पोकळी. दाट जागा अर्धगोल कानशीने दोन-चार हात मारून कमी करायच्या, मग १२० आणि २४० नंबरचा सँडपेपर. एका बैठकीत एकच जागा. मग पुन्हा पूड, पुन्हा बघणं. पोकळ जागा एम-सीलने भरा. दोन्ही लगदे समान घेऊन एकरंगी होईपर्यंत मळा, जागेवर लावा, हाताला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळा आणि नेम धरलेल्या स्थितीतच मूठ धरा, म्हणजे खरा आकार उमटतो. हात काढून रात्रभर वाळू द्या. वाळल्यावर प्लास्टिकच्या सुरकुत्या घासून काढा. मळताना हातमोजे घाला.

ट्रिगरच्या बोटाचं बघा. पहिल्या पेराचा मधला भाग पातीवर सपाट यावा आणि मागचं बोट लाकडाला कुठेच लागू नये. एक जाड कागद मधून सरकला पाहिजे. लागत असेल तर तिथलं लाकूड कमी करा. खालचा टेकू तळहाताच्या कडेला नुसता स्पर्श करेल एवढाच वर आणा. फार घट्ट केला तर सुरुवातीला छान वाटतं, अर्ध्या तासाने हात बधिर होतो आणि छर्रे वर जायला लागतात. नियमाचं भानही ठेवा : पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, मुठीचा कुठलाही भाग हाताला वेढून जाता कामा नये, अंगठा वरच्या दिशेने मोकळा उचलता आला पाहिजे, मनगट उघडं. एम-सील भरत गेलं की ५० मिलिमीटरची रुंदी कधी ओलांडली ते कळत नाही. पुठ्ठ्याची त्या मापाची पेटी घरीच करून ठेवा.

ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. स्पर्धेत नळी उभी धरून पातीवर वजन अडकवतात आणि पिस्तूल सावकाश उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, त्याच्या आत सुटता कामा नये. तीन संधी मिळतात. किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर अडकवायच्या हुकासकट ५१५ ग्रॅम भरेल अशी पाण्याची लहान बाटली तयार करून घ्या आणि त्यावर ट्रिगर लावा. बरोबर ५०० वर लावलेला ट्रिगर थंड हॉलमध्ये ४९० वर सुटू शकतो. ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो. पहिल्या टप्प्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्याला, ही नव्या माणसाला मानवणारी विभागणी.

हवा हा कोकणातला स्वतंत्र विषय. पिस्तुलाचा सिलिंडर २०० बारचा, एका भरण्यात साधारण दीडशेच्या पुढे शॉट मिळतात. हातपंपाने भरता येतो, पण आपली दमट हवा दाबली की पाणी सुटतं आणि ते सिलिंडरमधून रेग्युलेटरात (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात) जातं. पंपाला ओल धरणारा फिल्टर हवाच, आणि दर थोड्या दाबांनंतर थांबून खालच्या वाल्व्हमधून पाणी सोडायचं. मला डायव्हिंगची टाकी जास्त पटली. मालवण-तारकर्लीला पाण्याखालच्या श्वासाची हवा भरणारे कॉम्प्रेसर आहेत आणि ती हवा कोरडी, गाळलेली असते. टाकीची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख चालू असेल तरच भरतात, तेही आधी विचारून, गर्दी नसताना जावं. पावसात डायव्हिंग बंद असतं, म्हणून मेअखेर टाकी भरून ठेवा. जोडणी घट्ट करून वाल्व्ह अगदी हळू उघडा, सिलिंडर गरम व्हायला नको, नाहीतर थंड झाल्यावर काटा खाली येतो. ऑक्सिजन कधीही भरू नका. वेल्डिंगवाल्याकडे टाकी दिसते म्हणून मोह होतो, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब यांचा स्फोट होतो.

आता हाताळणी. पिस्तूल डाव्या हातात मुठीत बसलेलं, नळी टेबलावर टेकलेली आणि टार्गेटकडे, तर्जनी ट्रिगरपासून लांब. उजव्या हाताने लिव्हर उघडायचा, छर्रा बसवायचा, लिव्हर बंद. मूठ एकदा बसली की शॉटमागून शॉट डावा हात सोडवायचा नाही. जेवढ्या वेळा मूठ नव्याने धराल तेवढे वेगळे गट पडतील. म्हणून छर्‍यांची डबी, पाण्याची बाटली, कार्ड ओढायचं बटण, सगळं उजव्या बाजूला मांडा. उजव्यांच्या सवयीने सामान डावीकडे लावलं तर प्रत्येक शॉटला उजवा हात पिस्तुलावरून पलीकडे जातो. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

उभं राहताना डावा खांदा टार्गेटकडे, उजवा हात खिशात किंवा पट्ट्यात. डोळे मिटून हात उचला, श्वास सोडा, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या डावीकडे आली तर मागचा पाय डावीकडे सरकवा, उजवीकडे आली तर उजवीकडे. मनगटाने ओढून आणू नका. पाय सरकवायचा हा नियम डाव्या-उजव्याला एकच आहे. रिअर साइट (मागची साइट) सरकवायचे क्लिकही तेच. उलटतो तो चुकांचा तक्ता. रेंजच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यात खाली-डावीकडे गेलेला शॉट म्हणजे ट्रिगरला हिसका असं लिहिलेलं असतं. आपल्याला तोच हिसका खाली-उजवीकडे दिसतो. तक्त्याची एक प्रत काढून ती आरशात दिसेल तशी उलट काढून घ्या आणि कोच सरांनाही द्या. सरांच्या डोळ्यांना उजव्या हाताची सवय असते, "डावीकडे ढकलतोयस" असं ते बोलून जातात. तेव्हा त्यांना नम्रपणे आठवण करून द्यावी, त्यात अवमान काही नाही.

फ्रंट साइट (पुढची) स्पष्ट, टार्गेटचं काळं धूसर, हे दोघांनाही सारखं. कारण गणिताचं आहे. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरलं तर फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर तीस मिलिमीटरचा फरक पडतो, आणि टार्गेटवर एक कडं आठ मिलिमीटरचं. म्हणजे जवळपास चार गुण गेले. हात थोडा हलला तरी साइट खाचेत मधोमध असेल तर नऊ-दहा मिळतातच.

घरी छर्रा न घालता सराव करायचा तर ड्राय फायरची सोय असलेलं पिस्तूल हवा खर्च करत नाही. पाच मीटर जागा असेल तर टार्गेटचं काळं निम्मं, म्हणजे ५९.५ ऐवजी ३० मिलिमीटरच्या आसपास छापा. घरात लहान मुलं असतील तर पेटीला कुलूप, छर्रे वेगळ्या कपाटात.

पावसाळ्यातली निगा वेगळी लिहायला हवी, पण थोडक्यात : फोमच्या पेटीत पिस्तूल दिवसेंदिवस ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. सरावानंतर धातू कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याने. नळी साफ करायला फेल्टचे छर्रे वापरा. हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि ते रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडं करा. लाकडी मुठीला जवसाच्या तेलाचा पातळ हात वर्षातून दोनदा, तोही बाहेरच्या बाजूला. हात जिथे बसतो तो भाग खरखरीतच राहू द्या.

पुढे कोणाला पंचवीस मीटरच्या .२२ पिस्तुलाकडे जायचं असेल तर तिथे परवाना आला, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस अहवाल, सगळं आलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो. तिथे डावखुऱ्याला आणखी दोन अडचणी : रिकामी काडतुसं उजवीकडे, म्हणजे आपल्या अंगासमोरून उडतात, आणि मॅगझिन सोडायचं बटण उजव्या अंगठ्यासाठी असतं. डोळ्यांना चष्मा अनिवार्य समजा.

स्पर्धेची नोंदणी जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि एनआरएआयचा शूटर आयडी या क्रमाने होते. आयडीचं काम नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात सुरू करू नका, सर्वांचे अर्ज तेव्हाच पडलेले असतात. पहिल्या स्पर्धेला जाताना पोटात गोळा येतोच. त्या दिवशी ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या उरकून टाकाव्यात. इक्विपमेंट कंट्रोलला (साधनांच्या तपासणीला) सकाळीच जा, म्हणजे ट्रिगर कमी भरला तर दुरुस्तीला वेळ राहतो. बूट घोट्याच्या खालचे, पिस्तुलाच्या हातात घड्याळ किंवा कडं नको, नळीत पूर्ण लांबीचा सेफ्टी फ्लॅग.

आणि लेनचं आधी बोला. उजवा नेमबाज रेंजवर डावीकडे तोंड करून उभा असतो, आपण उजवीकडे. आपल्या उजव्या हाताच्या लेनवर उजवा नेमबाज आला तर दोघं मीटरभर अंतरावर समोरासमोर येतात, त्याचा प्रत्येक श्वास आपल्याला दिसतो आणि आपला त्याला. सगळ्यात उजवीकडची शेवटची लेन मिळाली तर समोर भिंत आणि शेजाऱ्याची पाठ. नेहमी मिळते असं नाही, सोडत निघालेली असेल तर बदलून देत नाहीत. पण क्लबच्या सरावाला ती मागून घ्यायला काहीच हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्क्रीन टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात लावलेला असतो, तो आपल्या ताणलेल्या हातामागे जातो. तयारीची वेळ सुरू होण्याआधी रेंज ऑफिसरला "मी डावखुरा आहे, स्क्रीन उजवीकडे घेता येईल का?" असं विचारा. वायर पुरत असेल तर ते लगेच हलवून देतात. एकदा पंधरा मिनिटांची तयारी आणि सायटिंग (गुण न मोजलेले सरावाचे शॉट) सुरू झाली की मग कोणी टेबलाला हात लावत नाही.